पंचवीस अंशांचा उजेड

शेवंताबाईंनी शाळेच्या गणवेशाचा फ्रॉक काउंटरवर आपटला तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिना, त्यात लग्नसराई. पिंप्राळ्यातल्या फुलचंदजींच्या विजेच्या सामानाच्या दुकानात कुणी कूलरची मोटर मागत होतं, कुणी पंख्याचा कंडेन्सर, आणि सगळ्यांना सगळं आत्ताच्या आत्ता हवं होतं.

"हे बघा शेठ. कापड निळं न् शिवन काया धाग्याची. साऱ्या गठ्ठ्याची आशीच झाली. शाळेनं परत धाडला. आता आम्ही उसवत बसू, का तुमच्या लाइटीले हळदकुंकू वाहू?"

"बाई, शिवण तुमची, धागा तुमचा, आणि दोष आमच्या ट्यूबचा?" फुलचंदजी म्हणाले. दोन गिऱ्हाइकं हसली. हसणाऱ्यांचं काही जात नव्हतं.

"सकायी बरं दिसतं. दुपारून उजेडच मरतो त्या ट्यूबीचा. काया न् निया येकच दिसू राह्यला आम्हाले. पन्नाशीच्या आत डोये गेले का आमचे साऱ्यांचे?"

चेलना आतल्या खोलीत होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला आणि तिचे कान तापले. असोद्याच्या या शिवणकाम करणाऱ्या बायांना ट्यूब तिनं विकल्या होत्या. म्हणजे शब्द तिनं दिला होता. माल दुसराच गेला होता.

आता ही आतली खोली म्हणजे काय, ते सांगायला हवं. चेलना फुलचंदजींची सून. लग्न होऊन आली तशी ती दुकानात बसू लागली, कारण तिचा नवरा रोनक कॉलेजात शिकवायचा आणि त्याला फ्यूज कुठला आणि होल्डर कुठला एवढंही धड कळत नसे. फुलचंदजींनी सुनेला हौसेनं दुकानात आणलं आणि तितक्याच हौसेनं आत बसवलं. "बाहेर ऊन, धूळ, गिऱ्हाइकांची तोंडं. तू आपली आत बस बेटा, कूलर लावून दिलाय," असं म्हणून. कुठल्या विहिरीच्या मोटरला कुठली केबल, कुठल्या कंपनीचा पंखा वर्षभर कुरकुरत नाही, हे सगळं चेलना आतून सांगणार आणि फुलचंदजी बाहेरच्या खुर्चीवरून ते गिऱ्हाइकाला आपलं म्हणून सांगणार. बरीच वर्षं हे असंच सुखानं चाललं होतं. सुख कुणाचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

आता फुलचंदजींचे गुडघे बोलायला लागले होते. बाहेरच्या खुर्चीवर दिवाळीनंतर कोण बसणार, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. धुळ्याचा पुतण्या जिनेश. त्याच्याकडे एलईडी दिव्यांची एजन्सी होती, गाडी होती, आणि बोलण्यात असा गोडवा होता की माणूस पंखा घ्यायला जाऊन झुंबर घेऊन यायचा. "तुलाही आराम पडेल," फुलचंदजी सुनेला म्हणाले होते. चेलनाला आराम नको होता. तिला ती खुर्ची हवी होती. पण घरात असं सरळ मागायची पद्धत नव्हती, म्हणून ती गप्प होती, आणि गप्प राहिल्याचा तिला रोज थोडाथोडा राग येत होता.

हिवाळ्यात शेवंताबाई आल्या तेव्हा फुलचंदजी लग्नाला गेले होते, म्हणून चेलना बाहेर बसली होती. असोद्यात केळीच्या मळ्याला लागून एक पत्र्याची शेड. तिथं शेवंताबाईंनी गावातल्या बाया जमवून शिवणकाम सुरू केलं होतं. चेलनानं त्यांना पाठीला जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेल्या, हातात जड लागणाऱ्या ट्यूब दाखवल्या. "वर पत्रा आहे, समोर उन्हाळा आहे. हीच घ्या, माझ्या शब्दावर घ्या," म्हणाली. बाईंनी शब्दावर घेतलं.

टेम्पो मात्र फुलचंदजींनी भरला, आणि त्यात जिनेशच्या ट्यूब गेल्या. सगळ्या अंगानं प्लास्टिकच्या, हलक्याफुलक्या. का, तर जिनेशनं दुकानात येऊन जादूगारासारखा प्रयोग करून दाखवला होता. दुकानातली एक जुनी, जड पाठीची ट्यूब लावली, एक त्याची. थोड्या वेळानं काकांचा हात धरून आधी जुनीच्या पाठीवर ठेवला. चटका बसला. मग आपल्या ट्यूबवर ठेवला. कोमट. "बघा काकाजी, आपल्या जळगावच्या गरमीत कुठली चालेल?" जळगावात हाताला गार लागेल ती वस्तू चांगली, माठ असो, फरशी असो, की ट्यूब असो. फुलचंदजी तिथंच विरघळले.

चेलनाला माल बदलल्याचं दोन दिवसांनी कळलं. ती म्हणाली, "बाबूजी, ही हलकी आहे, हिची पाठ बघा." ते म्हणाले, "जिनेशला कळतं त्यातलं." आणि ती पुन्हा आत जाऊन बसली.

म्हणून आज ती उठली आणि बाहेर आली. शेवंताबाईंच्या हातातला फ्रॉक तिनं उजेडात धरला. शिवण सुरेख होती, सरळ, एकसारखी. फक्त निळ्या कापडावर काळा धागा धावत होता. इतकी चांगली शिवण चुकीच्या धाग्यानं घातलेली पाहून तिला भरून आलं.

"मी येते बघायला," ती म्हणाली.

"तू कशाला? जिनेश उद्या इकडंच येतोय, तो बघेल," फुलचंदजी म्हणाले.

जिनेश गेला. भल्या सकाळी गेला, गाडीतून उतरून दारातूनच पाहिलं, बटणं दाबायला लावली. शेड लख्ख उजळली. तो दुकानात आला आणि लिंबू सरबत पितापिता त्यानं निकाल दिला. "काकाजी, लाइट एक नंबर आहेत. बायका खोटं बोलतायत. काम बिघडवलं आणि आता आपल्या गळ्यात मारतायत."

खोटं बोलतायत. हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की चेलनाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"दुपारी उजेड मरतो म्हणाल्या त्या. तुम्ही सकाळी गेलात," ती म्हणाली.

"भाभी, एलईडीला सकाळ काय आणि दुपार काय? ती काय माणूस आहे, जेवून सुस्तावायला?" जिनेश हसला. फुलचंदजीही हसले. मग ते गंभीर झाले आणि त्यांनी जे सांगितलं ते चेलनाच्या वर्मी लागलं. "तुझी ही सवय आहे बेटा, गिऱ्हाइकाला शब्द देऊन बसायची. भर दुकानात आपलं नाव खराब झालं. दिवाळीची वाट कशाला बघायची? पावसाळ्याआधीच जिनेश बसेल इथं."

माल बदलला काकांनी, माल खपवला पुतण्यानं, आणि नाव खराब केलं सुनेनं. चेलनानं मांडणीवरून जिनेशच्या ट्यूबचं खोकं काढलं आणि बारीक अक्षरं वाचली. ही ट्यूब वर्षानुवर्षं टिकेल, उजेड कमी होणार नाही, असं त्यावर छापलं होतं; आणि त्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, भोवतालचं तापमान पंचवीस अंश असल्यास. तिला हसू आलं आणि लगेच संताप आला. मे महिन्यात जळगावात पंचवीस अंश! फ्रिज उघडून त्याच्यासमोर बसलं तरी मिळायचे नाहीत. ज्या खोलीत खानदेशातला एकही माणूस उन्हाळ्यात राहत नाही, त्या खोलीत बसून कुणीतरी या ट्यूबचं आयुष्य ठरवलं होतं, आणि ते शेवंताबाईंच्या पत्र्याखाली विकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही अशा वेळी, तिनं तोंडाला ओढणी गुंडाळली, स्कूटर काढली, पायाशी एक जड पाठीची ट्यूब आडवी बांधली आणि असोद्याला गेली. फुलचंदजी जेवून आडवे झाले होते. विचारायला ते जागे नव्हते, हे बरंच झालं.

शेडची दारं-खिडक्या बंद होत्या. बाहेर गरम वारा धुरळा उडवत होता आणि आत कापडाचे तागे, उघडणार कसं? म्हणून भर दुपारी ट्यूब लावाव्या लागत. आत पाऊल टाकताच चेलनाच्या अंगावर पत्र्याची धग आली. बाया माना खाली घालून मशिनी चालवत होत्या. आणि उजेड खरोखरच उतरला होता. पिवळा नाही, अंधार नाही. नुसता मरगळलेला, दुधात पाणी घातल्यासारखा.

"आली का शब्दवाली?" शेवंताबाई म्हणाल्या. "घे, बघ. ह्या दोन रिळांतलं निळं कोन्तं, सांग बरं."

चेलनानं दोन्ही रिळं हातात घेतली. तिला सांगता आलं नाही.

"काल तो गाडीवाला तोंडावर सांगून गेला का आम्ही खोटारड्या हाओत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "केया इकल्या, कापूस इकला, कोनी आजवर तसं म्हटलं नाही माय."

चेलना स्टुलावर चढली. खालून ट्यूब उघडी दिसत होती, पण वरून तिच्यावर काहीतरी पांढरं होतं. केळीच्या घडावर चढवतात ती पातळ कापडाची लांब पिशवी. ट्यूबच्या मापाची कापून, दुहेरी करून, पाठीवरून घालून दोन्ही टोकांना नीट गाठी मारलेली. उजेडाची बाजू तेवढी मोकळी. पिशवी आणि ट्यूब यांच्या मध्ये तिनं बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. आत भट्टी होती.

"हे कुणी घातलं?"

"म्या," शेवंताबाई म्हणाल्या. "काहून? वरतून पत्र्याची झय येते, धूळ पडते, पाली फिरतात. ही पिशवी घातली का केयीच्या घडाले ऊन लागत नाही. म्हटलं एवढी मोलाची लाइट, तिले कसं उघडं टाकाव? सून म्हने नको, म्या म्हटलं राहू दे, जीव लाव जरा वस्तूले."

चेलना स्टुलावरच बसली. केळीच्या घडाला ऊन बाहेरून लागतं. ट्यूबची धग तिच्या आतून येते. जुना पिवळा बल्ब आपली आग समोर फेकायचा. एलईडी तसं करत नाही, ती पाठीनं उष्णता सोडते. पाठ झाकली की आतले उजेडाचे ठिपके स्वतःच्याच धगीत शिजतात आणि उजेड गळतो. रात्री थंड झाले की सकाळी पुन्हा लख्ख. हे तिनं बायांना सांगितलं. शेवंताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला.

"म्हंजे म्याच मारली ती," त्या म्हणाल्या.

"थोडी तुम्ही. बाकीची दुसऱ्यांनी," चेलना म्हणाली. "उद्या दुपारी मी त्या दोघांना घेऊन येते."

बाईंची सून भाविका मागून हळूच म्हणाली, "ताई, पिशव्या काढून ठेवू का? त्यायले दिसायले नको."

मोह झाला. काढल्या असत्या तर जिनेशला बोलायला तोंडच उरलं नसतं. पण मग ती आणि तो यांच्यात फरक काय राहिला असता?

"राहू द्या," चेलना म्हणाली. जाताना तिनं सोबत आणलेली जड पाठीची ट्यूब एका कोपऱ्यात, पत्र्याखालीच, त्यांच्या ट्यूबशेजारी टांगून, वायर जोडून ठेवली.

फुलचंदजींना दुपारच्या उन्हात असोद्याला नेणं सोपं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "नाव आपलं खराब झालंय बाबूजी. मग बघायलाही आपणच जायला हवं." जिनेशच्या थंडगार गाडीतून तिघं गेले. जिनेश सारा रस्ता एजन्सीच्या गोष्टी सांगत होता.

आत शिरून त्यानं मान वर केली, स्टुलावर चढला आणि हसत सुटला. "वा! काकाजी, या बघा. ट्यूबला झबली घातलीत. आता कंपनी काय करणार? पूर्णपणे गिऱ्हाइकाची चूक. भाभी, तुमचाही प्रश्न सुटला. बायांनीच मारल्या, तुमच्या शब्दाला काही झालं नाही."

फुलचंदजींनी सुटकेचा श्वास टाकला आणि सुनेकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती की झालं असतं. ती निर्दोष, दुकान निर्दोष, पुतण्या निर्दोष. आणि दोषी कोण, तर ज्यांनी ट्यूबला आपल्या केळीसारखं जपलं त्या. शेवंताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

चेलनाच्या डोक्यात तिडीक गेली.

"भाविका, सगळ्या पिशव्या काढ," ती म्हणाली. "ट्यूब बंद करा, गार होऊ द्या, मग पुन्हा लावा. बाबूजी, तुम्ही या मशीनपाशी बसा. जिनेशभाई, तुम्ही पण बसा. या बाया रोज बसतात, आपण एक दुपार बसू."

ट्यूब पुन्हा लागल्या. पिशव्या नव्हत्या. शेड लख्ख झाली. "झालं ना?" जिनेश म्हणाला. त्याच्या शर्टाची पाठ ओली व्हायला लागली होती. मशिनी चालत राहिल्या. थोड्याच वेळात जिनेशला एक फोन आला, म्हणजे त्यानं तो आला असं दाखवलं, आणि तो गाडीत जाऊन बसला. गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आतपर्यंत आला, कारण एसी लावायचा होता.

फुलचंदजी उठले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवंताबाईंनी मुकाट्यानं माठातलं पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळानं चेलनानं काळं आणि निळं अशी दोन रिळं सासऱ्यांच्या समोर धरली. "यातलं निळं कुठलं?"

त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि एक उचललं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"आता इकडं या." तिनं त्यांना कोपऱ्यात, तिनं टांगलेल्या ट्यूबखाली नेलं. त्यांच्या हातात काळं रीळ होतं. तिथल्या उजेडात ते साफ काळं दिसत होतं. ते पुन्हा पहिल्या जागी गेले, पुन्हा कोपऱ्यात आले. तोच पत्रा, तीच धग. पिशवीही नव्हती.

एव्हाना जिनेश परत आला होता. तो पटकन स्टुलावर चढला आणि त्यानं दोन्ही ट्यूबना हात लावला. कोपऱ्यातलीला लावताच हात मागे घेतला. "बघा काकाजी, हीच तापलीय. आपली कोमट आहे. मी सांगितलं होतं ना?"

"तापलीय, कारण आतली धग ती बाहेर टाकते," चेलना म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो उतरवला नाही. "तुमच्या प्लास्टिकला ते जमत नाही. ते बाहेरून गार राहतं आणि आतून जळतं. तुम्ही बाबूजींचा हात धरून त्यांना उलटं शिकवलंत. आणि खोटं कोण बोलतं? या? तुम्हाला इथं घटकाभर बसवलं नाही, जिनेशभाई. ती ट्यूब इथं दिवसभर टांगायची म्हणता, पंचवीस अंशांच्या भरवशावर. आधी या बाईंची माफी मागा."

जिनेश काकांकडे पाहू लागला. काका रिळाकडे पाहत होते. मग जिनेश काहीतरी पुटपुटला, ते माफीसारखं ऐकू आलं, आणि तो गाडीत जाऊन बसला.

रात्री जेवण झाल्यावर फुलचंदजी म्हणाले, "ट्यूब बदलून दे त्यांच्या सगळ्या. धुळ्याचा माल मी परत पाठवतो. तुझं खरं होतं." थोडं थांबून म्हणाले, "पण बेटा, घरच्या माणसावर चारचौघांत इतकं तापायचं नसतं. जिनेश शेवटी मुलासारखा आहे. तो बसेल खुर्चीवर, माल तू सांगशील तो घेऊ. तू आपली आत, शांत."

चेलनानं ताट उचललं होतं. ते तिनं पुन्हा खाली ठेवलं.

"बाबूजी, शेवंताबाईंनी ट्यूबला पिशवी जीव लावूनच घातली होती," ती म्हणाली. "तुम्हीही मला जीव लावूनच आत बसवलंत. मला ते कळतं. पण मला आत नाही बसायचं. मला बाहेरची खुर्ची हवी आहे."

हे वाक्य तिनं इतकी वर्षं मनात म्हटलं होतं. मोठ्यानं म्हटल्यावर ते अगदी छोटं निघालं. फुलचंदजी गुडघे धरून उठले आणि झोपायला गेले.

सकाळी चेलनानं दुकान उघडलं आणि ती बाहेरच्या खुर्चीवर बसली. ऊन अजून फुटपाथपर्यंतच आलं होतं. पहिलंच गिऱ्हाईक ट्यूब मागायला आलं. तिनं दोन ट्यूब त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "समोरून नंतर बघा. आधी उलट्या करा, पाठ बघा."

एवढ्यात फुलचंदजी आले. खुर्चीपाशी थांबले. चेलना उठली नाही. त्यांच्या खिशातला फोन वाजला. धुळ्याहून होता, जिनेश विचारत होता की सोमवारपासून येऊ का.

फुलचंदजी सुनेकडे पाहत होते. ती गिऱ्हाइकाला ट्यूबच्या पाठीवरची पट्टी बोटानं दाखवत होती.

"नको येऊस," ते फोनवर म्हणाले. "इथं खुर्ची रिकामी नाही."

मग ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी स्वतःच कूलर लावला.